फ्रीजच्या दारातलं इंजेक्शन

फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात, माशांच्या पिशवीला खेटून, बिरागोची इंजेक्शनं कडक गोठून पडली होती. तिने डबा बाहेर काढला आणि एक बाटली उजेडात धरली. आतलं औषध पांढरं झालं होतं.

"एनो!" तिने आईला हाक मारली. "हे वर कुणी ठेवलं?"

अंगणात कच्ची केळी सोलत बसलेल्या आईने मान न वळवताच सांगितलं, "मीच. दुपारपासून दोनदा लाइट गेली. म्हटलं, एवढं महागाचं औषध खाली खराब व्हायचं. वर गार राहील."

"गार ठेवायचं होतं, एनो. गोठवायचं नव्हतं! त्या नर्सने तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू मान हलवत होतीस!"

"ती फार भराभर बोलते. आणि काय झालं एवढं? वितळेल की. मासे नाही आपण वितळवून खात?"

"मी काय मासा आहे?"

आईने सालं टोपलीत टाकली. "तुझ्याशी आजकाल बोलायची सोय राहिली नाही," ती म्हणाली. "त्या सुयांनी तुझी जीभ पण टोकदार केलीय."

बिरागोने फोन उचलला. दवाखान्यातली सिस्टर लारिबा घानाच्या उत्तरेकडची, टमालेची. कुमासीत येऊन बरीच वर्षं झाली तरी ती कुणाचीही भीड ठेवायची नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "फेकून द्या."

"सगळं?"

"गोठलेलं सगळं. वितळल्यावर दिसेल तसंच, पण त्यात जोर राहिला की नाही ते बाटलीकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही टोचून घ्याल, वाटेल काम होतंय, आणि आत काहीच होणार नाही. आणि सगळ्यात शेवटी घ्यायचं ते वेगळं इंजेक्शन, दारात ठेवायला सांगितलेलं? ते पण गोठलंय?"

"नाही. ते दारातच आहे."

"मग ते राहू द्या. आणि निघा आत्ता. आमचं औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत या. आजचं चुकवायचं नाही, आणि चुकलं म्हणून उद्या दोन घ्यायची नाहीत. ऐकताय ना, मॅडम?"

मॅडम ऐकत होती. दुसऱ्या हाताने तिने नवऱ्याच्या व्हॅनची किल्लीसुद्धा शोधली होती.

बिरागोचा धंदा मांडवांचा. शहरातल्या टाफो भागात तिचं आवार होतं आणि त्यात लोखंडी सांगाडे, ताडपत्र्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या उंच चळती. कुमासीत शनिवार उजाडला की कुणाची ना कुणाची अंत्यविधीची बैठक असायचीच आणि अर्ध्या शहराच्या डोक्यावर बिरागोची सावली असायची. चार मजूर तिच्या आवाजाला टरकून असत. तिचा नवरा ओफोसु सुआमेला वेल्डिंगचं काम करायचा. तिच्या मांडवांचे पहिले सांगाडे त्यानेच जोडून दिले होते आणि त्यांचे पैसे मागायला म्हणून तो इतक्यांदा आला, की शेवटी तिने लग्नच केलं. ठिणग्यांच्या पावसात दिवसभर बसणारा हा धिप्पाड माणूस सुई बघितली की घामाघूम व्हायचा. इंजेक्शनची वेळ झाली की तो बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा आणि मोठ्याने विचारायचा, "झालं?"

मूल होत नव्हतं. तिची पाळी कधी यायची, कधी महिनोन्‌महिने दडी मारायची. गोळ्या झाल्या, प्रार्थना झाल्या, झाडपाल्याचे काढे झाले. आता हा उपाय होता. रोज इंजेक्शन घेऊन बीजं वाढवायची, ती बाहेर काढायची, काचेत नवऱ्याच्या बीजाशी जुळवायची आणि तयार झालेला गर्भ परत आत ठेवायचा. यात ओफोसुच्या घरच्यांना जेवढी घाई नव्हती तेवढी बिरागोच्या माहेरला होती. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं, आणि त्या कुळात एनोला बिरागो ही एकच मुलगी. बिरागो रिकामी राहिली तर एनोची शाखा तिथेच संपणार होती. एनो हे तोंडाने बोलायची नाही. फक्त मुक्कामाला येऊन बसली होती, "मदतीला" म्हणून.

त्या संध्याकाळी केजेतिया बाजाराच्या गर्दीत व्हॅन अडकली. समोर ट्रोट्रोवाले, मिनीबसचे ड्रायव्हर, एकमेकांच्या आया काढत होते. बिरागोने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. औषध मिळालं. घरी आली तेव्हा वेळ जेमतेम हातात होती. साबणाने हात धुतले, टेबल पुसलं, बाटलीवरचं नाव आणि तारीख वाचली. लारिबाने शिकवल्याप्रमाणे औषध हळूच मिसळलं, खदखदा हलवलं नाही. काल बेंबीच्या डावीकडे टोचलं होतं, म्हणून आज उजवीकडे. कातडीची चिमट धरली, सुई घातली, औषध आत ढकललं, क्षणभर थांबून सुई बाहेर काढली. उजव्या बाजूला आधीचे दोन हिरवे-निळे डाग होतेच. वापरलेली सुई तिने दुधाच्या पावडरीच्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. डबा भरला की दवाखान्यात नेऊन द्यायचा, कचऱ्यात टाकायचा नाही.

"झालं?" बाहेरून आवाज आला.

"झालं! ये आत! शूरवीर!"

नंतरच्या तपासणीला डॉक्टर अमोआतेन पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. हळू बोलणारा, कधीच न चिडणारा माणूस. बिरागोला त्यांचा याच गोष्टीचा राग यायचा. पडद्यावर काळे गोल फुगे दाटीवाटीने बसले होते.

"तुमची अंडाशयं फार जोरात कामाला लागलीत, मॅडम."

"ही चांगलीच गोष्ट ना?"

"जरा कमी असती तर जास्त चांगली. औषध कमी करू. आणि आता रोज इथे यायचं."

ती रोज गेली. रोज बाकावर बसली, रोज रक्त दिलं. रोज त्याच बायका, भिंतीवर हसऱ्या बाळांची तीच चित्रं. शुक्रवारी डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, ओफोसुलाही आत बोलावलं.

"बीजं तयार आहेत. उद्या संध्याकाळी पिकवण्याचं शेवटचं इंजेक्शन. पण तुमच्या फ्रीजमध्ये आहे ते घ्यायचं नाही. मी दुसरं देतो. बीजं काढू, गर्भ तयार करू, आणि ते गोठवून ठेवू. या महिन्यात आत ठेवायचे नाहीत."

बिरागोला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"गोठवायचे?"

"हो. शरीर शांत होईपर्यंत."

"डॉक्टर, माझ्या आईने औषध गोठवलं, तर तुम्ही मला ते फेकायला लावलंत. आता तुम्ही माझी मुलं गोठवणार?"

ओफोसु खोकला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदावर दोन गोल काढले. अंडाशयं आधीच सुजली आहेत, ते म्हणाले. घरातलं ते इंजेक्शन शरीरात बरेच दिवस टिकतं आणि सुजलेल्या अंडाशयांना आणखी चाबूक मारतं. मग रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठतं, कधी छातीत. रक्त घट्ट होतं, गाठी होतात. त्यात गर्भ राहिला तर तो स्वतःच तेच संप्रेरक तयार करतो, म्हणजे आगीत तेल. दुसरं इंजेक्शन लवकर ओसरतं. धोका संपत नाही, पण पुष्कळ कमी होतो.

"मी सगळं केलं," बिरागो म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही सांगाल ते. एकही दिवस चुकवला नाही. एक थेंब कमी-जास्त केला नाही. मग माझ्याच बाबतीत का?"

"तुमची चूक नाही. काही शरीरं अशी असतात."

"काही शरीरं!" ती उठली. "आधी म्हणालात पाळी येत नाही म्हणून शरीर आळशी. आता म्हणता फार जोरात. एकदा काय ते ठरवा ना!"

दार आपटूनच ती बाहेर पडली. मागून ओफोसुने डॉक्टरांची माफी मागितलेली तिला ऐकू आली आणि तिचा संताप आणखीच वाढला.

शनिवारी असोकवा भागात एका मोठ्या घरची अंत्यविधीची बैठक होती. पहाटेच मांडव उभे करायचे होते. बिरागोने काळा झगा चढवला तर कमरेची चेन वर येईना. ओफोसुने ओढली, एनोने ओढली. शेवटी तिने वरून लाल कापड गुंडाळून घेतलं आणि शिंप्याला शिव्या घातल्या. मैदानावर दोन खांब आखूड निघाले. एका मांडवाची झालर फाटलेली होती. मजुरांवर ओरडताना तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. उन्हाने होत असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

तिथे मॅडम कम्फर्ट भेटली. चर्चच्या गायकवृंदातली, गोरीगोमटी, जुळ्या मुलांची आई. मुलं आक्राच्या एका दवाखान्यात याच उपायाने झाली होती आणि तेव्हापासून ती या विषयातली सगळ्यात मोठी जाणकार होती. तिने बिरागोला बाजूला घेतलं, दोन खुर्च्या ओढल्या.

"गोठवणार? अगं, कशाला? बाई, हे असंच करतात. महिनोन्‌महिने बर्फात ठेवून त्याचं भाडं लावतात. ताजं ते ताजं. माझे आत ठेवले तेव्हा ताजेच होते, बघ कशी दोन-दोन धावतायत."

"डॉक्टर म्हणतो, धोका आहे."

"मला पण पोट फुगलं होतं. नारळाचं पाणी प्यायलं, उतरलं. ते शेवटचं इंजेक्शन आहे ना घरात? तेच खरं. त्यांनी दिलेलं दुसरं म्हणजे अर्ध्या ताकदीचं. गप ते खरं घे. बीजं काढताना त्यांना काय कळणार आहे? आणि मग ठाम सांग, मला याच महिन्यात ठेवून हवंय. पैसे तुझे, पोट तुझं."

पोट तुझं. हे एकच वाक्य बिरागोला दिवसभर पुरलं. इतके महिने कुणी ना कुणी तिच्या पोटाबद्दल काहीतरी ठरवत होतं. आई, मामा, पाद्री, डॉक्टर. आता ती ठरवणार होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात केळी उकडून कुटलेल्या फुफुचा वास होता. एनोने सूप झाकून ठेवलं होतं. बिरागोने फ्रीज उघडला. मधल्या फळीवर दवाखान्याने दिलेलं नवं इंजेक्शन होतं, दारात जुनं. तिने दोन्ही टेबलावर ठेवली.

एनो जवळ आली. "कम्फर्टचा मला पण फोन आला होता," ती म्हणाली.

"तिला सगळ्यांचेच नंबर माहीत आहेत."

"बोलते ते खरंच असेल ना? ती दोन पोरं काय आभाळातून पडली?" एनोने जुन्या इंजेक्शनच्या डब्यावरून बोट फिरवलं. "हे पैसे देऊन आणलंय. ते कशाला फेकायचं? मी म्हातारी झाले, आग्येमा. मला अजून किती वाट बघायला लावशील?"

आग्येमा हे बिरागोचं लहानपणचं लाडाचं नाव. आईने ते कितीतरी वर्षांत काढलं नव्हतं. बिरागोने हात धुतले. टेबल पुसलं. जुन्या इंजेक्शनचा डबा उघडला.

ओफोसु ओट्यावर गेला नव्हता. तो दारातच उभा होता, कपाळावर घाम, नजर भिंतीकडे.

"बिरागो," तो म्हणाला, "ते कुठलं घेतेयस?"

"तुला कधीपासून कळायला लागलं त्यातलं?"

"मला कळत नाही. म्हणून तर विचारतोय. जिला कळतं तिला फोन लाव. मग घे काय घ्यायचं ते. मी अडवणार नाही."

"आणि तीही थांब म्हणाली तर?"

"तर मग माझ्यावर ओरड. रोजच ओरडतेस."

तिने फोन लावला तो त्याला खोटं पाडायलाच. लारिबा घरी होती. मागे पोरं भांडत होती, कढईत काहीतरी चरचरत होतं. बिरागोने सरळच सांगितलं, चर्चच्या गायकवृंदातली कम्फर्ट म्हणते तसं मी जुनं घेतेय, मला याच महिन्यात हवंय.

पलीकडे कढई उतरवल्याचा आवाज आला.

"श्वास कसा आहे?" लारिबाने विचारलं.

"काय?"

"श्वास, मॅडम. दम लागतोय?"

"ऊन होतं आज."

"उन्हाचं मी विचारलं नाही. कपडे घट्ट होतायत? लघवी कमी झालीय?"

बिरागोचा हात कमरेवर गेला. सकाळची ती चेन तिच्या डोळ्यांसमोर आली.

"म्हणजे होतायत," लारिबा म्हणाली. "हे बघा, मी दाराला कुलूप लावायला येऊ शकत नाही. इंजेक्शन तुमच्या हातात आहे. पण मी एक बाई बघितलीय, दुसऱ्या हॉस्पिटलात, इथे यायच्या आधी. तिनेही असंच केलं होतं, कुणाचं तरी ऐकून. आम्ही तिच्या पोटातून बादलीत पाणी काढत होतो आणि ती विचारत होती, गर्भ राहिला का? राहिला होता. आणि पायात गाठ झाली ती छातीत गेली. तुम्हाला घाबरवत नाहीये. मला तिचं नाव अजून आठवतं, एवढंच."

"सगळे मला फक्त थांब म्हणतात," बिरागो म्हणाली. तिला रडायचं नव्हतं, पण आवाज फाटला. "थांब, थांब, थांब. किती थांबू? माझं वय थांबतंय का?"

"नाही थांबत. आणि मला त्याचा राग येतो. खरंच येतो. पण तुमची बीजं आम्ही टाकून देत नाहीये. ती काढणार, जपणार. तुम्हाला फक्त जिवंत असलं पाहिजे ती परत घ्यायला यायला. मधल्या फळीवरचं आहे ना? ते घ्या. सांगितलेल्या वेळेलाच. जुनं सोमवारी बरोबर आणा. आणि त्या तुमच्या गायिकेला सांगा, माझ्या नंबरवर फोन कर."

बिरागोने फोन ठेवला. मग तिने जुनं इंजेक्शन डब्यात परत ठेवलं, इतक्या जोरात की डब्याचा कोपरा चेपला.

"घे, आता खूश?" ती ओफोसुला म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. आणि त्या दिवशी तो बाहेर गेला नाही. तिने नवं इंजेक्शन टोचेपर्यंत भिंतीला पाठ लावून, डोळे घट्ट मिटून तिथेच उभा राहिला. एनोने सूपचं भांडं परत चुलीवर ठेवलं.

बीजं काढली. भरपूर निघाली. त्यातून आठ चांगले गर्भ तयार झाले आणि ते गोठवले गेले. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. आणि तरीही दोन दिवसांनी बिरागोचं पोट ढोलासारखं ताणलं. झोपलं की गुदमरायला व्हायचं, दोन घास खाल्ले की उलटी. लारिबाने आधीच बजावलं होतं, रोज वजन करा, लघवीकडे लक्ष ठेवा, आणि असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. नारळाचं पाणी घेऊन कम्फर्ट आली, तेव्हा ओफोसु बायकोला व्हॅनमध्ये घालत होता. त्याने शहाळी घेतली, आभार मानले आणि तिच्या तोंडावर व्हॅनचं दार लावलं.

तिला दाखल करून घेतलं. सलाईन, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं, दर थोड्या वेळाने रक्तदाब. म्हणजे इतकं करून पुन्हा सुयाच. डॉक्टर अमोआतेन आले, नाडी बघितली आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "हा मध्यम प्रकार आहे. उतरेल. ते जुनं घेतलं असतं तर आत्ता आपण अतिदक्षता विभागात बोलत असतो. बोलत असतो की नाही, तेही सांगता येत नाही."

बिरागोला वाटलं, आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण तिला फक्त चीड येत होती. नियम पाळूनही हे. मग न पाळणाऱ्या कम्फर्टला जुळी का? या प्रश्नावर डॉक्टरांनी "नशीब" एवढाच एक शब्द वापरला, तो तिला आवडला नाही.

घरी आल्यावर वोफा येऊन थडकले. वोफा म्हणजे तिचे मामा, कुळातले कर्ते पुरुष, काळी छत्री आणि पांढरी दाढी. आल्यावर त्यांना पाणी दिलं, क्षेमकुशल झालं, मग ते विषयावर आले.

"आम्ही ऐकलं की मुलं बर्फात ठेवलीत."

"गर्भ, वोफा. मुलं नाही अजून."

"तेच ते. आणि लाइट गेली तर?"

"त्याला लाइट लागत नाही. वेगळ्या टाक्या असतात."

वोफांनी मान हलवली, पटलं नाही तशी. "तुझ्या मावसबहिणीला पाचवं झालंय. एक घेऊन ये. घर भरलं की पोटही कधी कधी ऐकतं. या दवाखान्यांच्या नादी लागून तू आडवी झालीस, सगळ्या टाफोत चर्चा आहे."

बिरागो पलंगावरून उठली. चालताना अजून पोट दुखत होतं, तरी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"टाफोत चर्चा आहे? टाफोला सांगा, माझ्या पोटावर किती डाग आहेत ते पण बघून जा. रोज ठरलेल्या वेळी मी स्वतःच्या हाताने सुई घेतली. घेतेवेळी तुम्ही कुठे होतात? पाद्री कुठे होता? मी एक चुकीची सुई घ्यायला निघाले होते, वोफा, याच टेबलावर, तुम्हा सगळ्यांची घाई डोक्यात घेऊन. घेतली असती तर आज तुम्ही माझ्याच मांडवाखाली बसला असतात. भाडंही मिळालं नसतं मला."

एनो दाराशी उभी होती, हातातला पाण्याचा पेला तसाच. वोफांनी छत्री जमिनीवर टेकवली, उचलली, परत टेकवली.

"असं आहे होय," ते अखेर म्हणाले. "मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि उठता उठता, "मावसबहिणीचं राहू दे."

ते गेल्यावर एनो म्हणाली, "थोरल्या माणसाशी असं बोलतात?" पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

पुढचा महिना गेला तो पाळीची वाट बघण्यात. त्याच्या पुढच्या महिन्यात डॉक्टर परिषदेला गेले होते. त्यानंतर गर्भाशयाचं अस्तर पातळ निघालं. शेवटी एकदाचा एक गर्भ आत ठेवला. बिरागोने जड उचललं नाही, मजुरांवर बसल्या जागेवरूनच ओरडली. रक्ताची तपासणी झाली. लारिबाने स्वतः फोन केला आणि "मॅडम" म्हणून जी थांबली, त्यावरूनच बिरागोला कळलं.

ती त्या दुपारी आवारात गेली आणि एकटीनेच खुर्च्या धुवायला घेतल्या, धुतलेल्यासुद्धा. ओफोसु आला, दुसरी बालदी घेऊन बाजूला बसला. दोघांनी सगळी चळत धुतली. मग ती म्हणाली, "माझ्या अंगात आता एक सुई घ्यायचीसुद्धा ताकद नाही."

"नको घेऊस मग."

"असं कसं नको घेऊस! सात तिकडे पडलेत!"

"मग घे."

"तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही," ती म्हणाली आणि ओली फडकी त्याच्या अंगावर फेकली.

घरी एनो परत गावी जायची तयारी करत होती. गाठोडं बांधून झालं होतं. तिने मुलीकडे बघितलं आणि ते सोडलं.

"परत कधी जायचंय दवाखान्यात?"

"पुढच्या आठवड्यात. आता ती बीजं वाढवायची इंजेक्शनं नाहीत. गोळ्या, आणि मग कमरेत टोचायची तेलकट."

"कमरेत तुझा हात कसा पोहोचणार? तो शूरवीर तर भिंतीला चिकटून उभा राहतो."

"नर्स देईल. रोज जाऊन बसायचं तिथे बाकावर."

"मी येते," एनो म्हणाली. "तुझ्याबरोबर बसते."

बिरागोने सुटलेलं गाठोडं उचलून बाजूला ठेवलं.

मंगळवारी दोघी गेल्या. बाकावर जागा नव्हती. एनो तिच्या चांगल्या कापडात, डोक्याला रुमाल बांधून, एका खांबाला टेकून उभी राहिली. काउंटरवरची मुलगी फोनवर हसत होती. त्यांच्यानंतर आलेल्या दोन बायका आत गेल्या. बिरागोला हे रोजचंच होतं, तिने उभ्याउभ्याच डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तिला एनोचा आवाज ऐकू आला, अंगणात कोंबड्या हाकलताना लावायची तसा.

"ए मुली! फोन ठेव! माझी पोरगी सकाळपासून उभी आहे. पोटाची चाळण करून घेतलीय तिने तुमच्यासाठी. मी स्वतः तिचं औषध खराब केलं होतं, तरी ती पळत आली होती दुसरं घ्यायला. आणि तू तिला बसायला जागा देत नाहीस?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी "बरोबर बोलतायत" म्हणालं. आतून लारिबा बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. "काय गडबड आहे?"

"तूच का ती भराभर बोलणारी?" एनोने विचारलं. "ये इकडे. तुझ्याशी पण बोलायचंय मला. तेल गरम करून टोचतेस की थंडच? आणि सुईची जागा रोज बदलतेस ना?"

एरवी बिरागो लाजेने मेली असती. आज तिने बाकावरच्या बायकांनी सरकून दिलेल्या जागेवर बूड टेकलं, दुखरे पाय पसरले, आणि आईला भांडू दिलं.